कोंबडीला कोरडे, बदकाला ओले

आमच्या परसात सहा कोंबड्या आणि तीन बदके आहेत. दोन वर्षांपूर्वी बदके आणली तेव्हा आम्ही ती कोंबड्यांच्याच खुराड्यात घातली. जागा होती, दार भक्कम होते, मुंगसाची भीती नव्हती. दोन्ही पाखरेच की, एवढाच आमचा हिशेब.

त्या जुलैत धाकटीची लाडकी तांबडी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली. विष्ठेत रक्त दिसू लागले आणि चौथ्या दिवशी ती गेली. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बाकीच्यांसाठी पाण्यातून द्यायचे औषध घेऊन आले. त्यांनी खुराड्यातले मूठभर तूस उचलून आमच्या हातावर ठेवले. पिळले असते तर पाणी गळले असते. रक्ती हगवणीला अशीच ओल लागते, म्हणाले. छप्पर तर गळत नव्हते. ओल बदकांनी आणली होती.

बदक दाणा खाताना दर दोन घासांनी पाण्याकडे धावते, चोच बुडवते, शिंतोडे उडवते. त्याची विष्ठाही पातळ. त्याला त्यात काही वाटत नाही. कोंबडीला मात्र पायाखाली कोरडे लागते. ओल्या तुसातून रात्री जो उग्र वास सुटतो त्याने तिचे डोळे आणि छाती दोन्ही बिघडतात.

मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ती तांबडी कित्येक दिवस संध्याकाळी खुराड्यात जायला तयार नसायची, पेरूच्या झाडावर चढून बसायची. मगरीबच्या अजानच्या सुमारास आम्ही रोज तिला उतरवायचो आणि हाताने आत ढकलायचो. "ती सांगत होती ना आपल्याला?" असे धाकटीने विचारले तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. आम्ही तर दाणापाणी वेळेवर देत होतो, म्हणून ती आपल्याला लागू नाही असे धरून चाललो होतो.

आता दोन घरे आहेत. कोंबड्यांच्या खुराड्यात दोन हात उंचीवर आडवा दांडा बसवला आहे, कारण कोंबडीला रात्री उंच बसूनच झोप लागते. खाली चार बोटे तूस. ते रोज उकरायचे, ओले झाले की काढून माडाच्या बुंध्याला टाकायचे. अंड्यासाठी पेंढा घातलेली फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात आहेत. चार-पाच कोंबड्यांना एक पुरते. बाहेर कोरडी माती आणि चुलीची राख मिसळून खड्डा केला आहे. त्यात लोळून त्या अंगावरच्या उवा स्वतःच झाडतात. वाळवून कुटलेले शिंपल्यांचे तुकडे वेगळ्या वाटीत ठेवावेत. अंड्याचे कवच त्यातून होते, आणि जिला हवे ती हवे तेवढे खाते.

बदकांचे घर बुटके, मोडक्या चिऱ्यांचे. दांडा नको, ती जमिनीवरच झोपतात. पेंढा मात्र जाड हवा. तळे नसले तरी चालते, पण डोळ्यांपर्यंत डोके बुडेल इतके खोल पाणी हवेच, नाहीतर नाकपुड्या आणि डोळे साफ राहत नाहीत. आम्ही बांधकामाचे जुने घमेले ठेवतो, तेही कोंबड्यांपासून लांब, उतारावर. एक खबरदारी फार महत्त्वाची: बुरशी आलेला दाणा बदकांना कधीच घालू नये. कोंबडीपेक्षा त्यांना ते विष लवकर बाधते, पिल्लांना तर फारच. पावसाळ्यात गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

एप्रिल-मेमध्ये कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकू लागली, पंख अंगापासून दूर धरू लागली, की समजावे उष्मा सोसत नाही. तिला घाम येत नाही. सावलीत मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे आणि दुपारी दोनदा बदलावे. हिवाळ्यात दिवस लहान झाला, पिसे गळू लागली, की अंडी कमी होतात. त्या वेळी खुराड्यात बल्ब लावून अंडी मिळवता येतात, पण आम्ही लावत नाही. दोन महिने बिचारीने विसावा घेतला तर आपले काय अडते?

बदके बहुतेक अंडी पहाटेच घालतात. त्यामुळे त्यांना नऊच्या आत सोडायचे नाही, असे आमच्या घरात ठरले आहे. शाळेच्या घाईत कुणीतरी सातलाच दार उघडते, आणि मग धाकटी ओहोळाच्या काठाने अंडी शोधत फिरते.