नक्की काय व्हायचं ते ठरलं नाही? मग कॉलेज निवडताना कटऑफच्या पुढे पाहा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, 'पुढे काय?' ज्याला गणित जमतं, इतिहास आवडतो आणि व्हिडिओ एडिटिंगही करावंसं वाटतं, त्याच्याकडे याचं एका शब्दात उत्तर नसतं. मग 'कन्फ्युज्ड आहे' असा शिक्का बसतो आणि कटऑफमध्ये बसणारं सर्वांत मोठ्या नावाचं कॉलेज घेतलं जातं. चूक इथेच होते.

नियम काय सांगतो?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीला 'मेजर' म्हणजे मुख्य विषयासोबत 'मायनर' हा दुय्यम विषय असतो. महाराष्ट्रात ओपन इलेक्टिव्ह तर दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यावा लागतो. म्हणजे अनेक विषयांची आवड ही आता अडचण नाही. अभ्यासक्रमातच तिला जागा आहे.

मग मेख कुठे आहे?

पर्याय कागदावर असून भागत नाही, तो विषय कॉलेजमध्ये शिकवला जावा लागतो. फक्त वाणिज्य शाखा असलेल्या कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक कुठून येणार? दोन विषयांचे तास एकाच वेळी आले, तरी पर्याय संपला.

अर्ज भरण्याआधी हे विचारा

• कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखा इथे आहेत का?
• यादीतले कोणते मायनर गेल्या वर्षी प्रत्यक्षात चालले?
• मेजर कधीपर्यंत आणि कोणत्या अटींवर बदलता येतो?
• ऑनर्सचं चौथं वर्ष इथेच करता येतं का?
• 'स्वयम'वरच्या ऑनलाइन कोर्सचे क्रेडिट धरले जातात का?

शेवटचा प्रश्न तालुक्याच्या गावी राहून शिकणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. यूजीसीच्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून करता येतात, मात्र कॉलेजची तयारी हवी.

'आधी इंजिनीअरिंग, मग बघू' हे कितपत सुरक्षित?

हा सल्ला न ठरलेल्या मुलांनाच सर्वाधिक मिळतो. पण तिथे ब्रँच बदलणंही गुण आणि रिकाम्या जागांवर अवलंबून असतं. इंजिनीअरिंग सोडून दुसऱ्या शाखेत जायचं, तर बहुतेकदा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. वर्ष जातं आणि भरलेली फीही.

सतराव्या वर्षी सगळं ठरलेलं नसणं हा दोष नाही. अशा मुलासाठी चांगलं कॉलेज म्हणजे जिथे दुसऱ्या वर्षी मत बदललं, तरी पहिलं वर्ष वाया जात नाही.