कंबरदुखी आणि लेसरची भुरळ

कंबर कधीच दुखली नाही असा माणूस आज शोधून काढावा लागेल. खड्ड्यांतून स्कूटर हाकणारे, दिवसभर खुर्चीला खिळलेले, ओट्याशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या, सारेच कधी ना कधी 'आई गं' म्हणत उठतात. अशा वेळी 'टाके नाहीत, संध्याकाळी घरी' अशी लेसर उपचाराची जाहिरात वाचली की जीव भांड्यात पडतो. मला मात्र तिथेच जरा थांबावेसे वाटते.

लेसर ही भोंदूगिरी नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे १९८६ साली अ‍ॅशर आणि चॉय या डॉक्टरांनी हा उपचार प्रथम केला. जागेपुरती भूल देऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, पाठीतून एक सुई दोन मणक्यांमधल्या गादीत सरकवतात. सुईतून काचतंतू आत जातो आणि लेसरच्या उष्णतेने गादीच्या मऊ गाभ्याचा थोडासा भाग वाफ होऊन जातो. आतला दाब घटतो, नसेवरचा भार हलका होतो. फुगलेल्या गादीने नस दाबली जाऊन पायात कळ जाते आहे, अशा निवडक रुग्णांना त्याचा उपयोग होऊ शकतो.

पण जुनाट कंबरदुखीचे कारण बहुतेकांच्या बाबतीत असे एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, बैठे काम, अपुरी झोप, मनावरचा ताण यांचा तो गुंता असतो. मग लेसरने जाळायचे काय? 'एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते', हे उत्तर पुरेसे नाही. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली! केवळ फोटो पाहून उपचार ठरवणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

छोट्या छेदाचा हिशेबही तपासावा. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या ११५ रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षअखेरीस लेसरचे आणि नेहमीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण जवळपास सारखेच सावरले होते. परंतु वर्षभरात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती लेसर गटातल्या ३८ टक्क्यांना, दुसऱ्या गटातल्या १६ टक्क्यांना.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांविषयी सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आहे, रुग्णाला दुखणे नीट समजावून सांगणे आहे, मनाचे उपचारही आहेत. पण रोजच्या अर्ध्या तासाच्या व्यायामाची पानभर जाहिरात कोण देणार?

म्हणून निवृत्तीच्या पैशाला हात घालण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. माझ्या दुखण्याचे नेमके कारण कोणते? ते लेसरने दूर होणार आहे का? काहीच न केल्यास काय होईल? शिवाय लेसर न करणाऱ्या दुसऱ्या एखाद्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीच्या जागी बधिरता आली किंवा पायातले बळ गेले, तर प्रश्नोत्तरांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. एरवी घाई आपल्याला नसते, जाहिरातदाराला असते.