पोद्दाराचे नाव कुठे गेले?

गांजाच्या ‘केवळ मादी’ बियाण्याचा इतिहास समाजमाध्यमांवर सांगितला जातो तेव्हा तो बहुधा कॅलिफोर्नियात सुरू होतो आणि ॲम्स्टरडॅममध्ये संपतो. १९७० च्या दशकात अमेरिकी बागायतदारांनी मेक्सिकोकडून बीविरहित पीक घेण्याची युक्ती उचलली, पुढे १९९० च्या दशकात डच बियाणे कंपन्यांनी मादी बियाणे बाजारात आणले, अशी ती कथा. कथा खोटी नाही. मात्र तिच्यातून बंगालमधील एक ग्रामीण तज्ज्ञ आणि दिल्लीतील एक प्रयोगशाळा सहज गळून पडली आहेत, आणि ही गळती किरकोळ मानता येणार नाही.

आधी वनस्पतीविषयी थोडे. पपईप्रमाणे भांगेच्या झाडांतही नर आणि मादी वेगवेगळे असतात. नराचा पराग मादीच्या फुलांवर पडला की तिची सारी शक्ती बी धरण्याकडे वळते. पराग मिळाला नाही तर तुरे दाटत जातात आणि त्यांवर राळ साठत राहते. गांजा म्हणजे हेच तुरे. त्यामुळे गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्यापुढे प्रश्न एकच असे : नर वेळेत ओळखायचा कसा?

पूर्व बंगालातील नौगाव परिसराने (आज तो बांगलादेशात आहे) या प्रश्नावर एक स्वतंत्र व्यवसायच उभा केला होता. सरकारी परवान्याने गांजा पिकवणाऱ्या या पट्ट्यात पीक फुलावर येण्याच्या सुमारास ‘पोद्दार’ बोलावला जाई. त्याला ‘परखदार’ असेही म्हणत. शेतातून फिरत, फुले उमलण्यापूर्वीच तो नर झाडे हेरत असे आणि ती शेतातून काढून टाकली जात. एखादा नर राहून गेला तरी आसपासच्या तुऱ्यांत बी धरे आणि मालाचा भाव पडे. मराठी वाचकाला येथे गावगाड्यातला पोतदार आठवला तर ते स्वाभाविक आहे. नाणे खरे की खोटे हे पारखणारा तो पोतदार. बंगालात तेच पद नाण्यांकडून झाडांकडे गेले. शब्दाचा हा प्रवासच सांगतो की हे काम मजुरीचे नव्हते, पारखीचे होते.

ही माहिती आज उपलब्ध आहे ती मात्र ज्ञानाविषयीच्या आदरामुळे नव्हे. गांजावर कर होता, म्हणून कागद झाले. १८९३ साली ब्रिटिश संसदेत भारतातील अमली पदार्थांचा प्रश्न उपस्थित झाला आणि ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सदस्य, त्यांपैकी तीन भारतीय, साक्षी ११९३. १८९४ च्या अहवालाने संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. नियंत्रण आणि कर यांचाच मार्ग सुचवला. मुंबई इलाख्यातील अहमदनगर आणि मध्य प्रांतातील खांडवा येथील लागवडीचीही नोंद त्या चौकशीत आहे. याच काळात कलकत्त्याच्या वनस्पतिसंग्रहालयातील डेव्हिड प्रेन यांनी बंगालच्या गांजाशेतीवर स्वतंत्र अहवाल लिहिला. प्रेन पुढे लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक झाले. पोद्दार पोद्दारच राहिला.

या काळात युरोप अडाणी होता, असे म्हणणेही तितकेच चूक. उलट तेथील गोंधळ अधिक बोलका आहे. इंग्लंडमधील शेतकरी भांगेच्या बळकट, बी देणाऱ्या झाडाला ‘कार्ल’ म्हणजे पुरुष म्हणत, आणि नाजूक, लवकर वाळणाऱ्या झाडाला ‘फिंबल’ म्हणजे स्त्री. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. जे दणकट ते पुरुषच असणार, हा माणसांच्या जगातील ग्रह शेतात जाऊन बसला होता!

वनस्पतींना लिंग असते हे १६९४ मध्ये प्रयोगांनी मांडणारा जर्मन वैद्य कामेरारियस याच झाडाने बुचकळ्यात पडला. नरापासून दूर ठेवलेल्या मादी झाडांनाही त्याला बी धरलेले दिसले. पुढे इटलीच्या स्पालांझानीने तर अशा निरीक्षणांवरून परागाची गरजच नसावी, असा निष्कर्ष काढला. खरे कारण वेगळे होते : भांगेची मादी क्वचित स्वतःवरच काही नर फुले धरते. १९२० च्या दशकात ओहायोतील जॉन शाफ्नर यांनी दिवसाच्या लांबीतील बदलाने या झाडाचे लिंग पालटू शकते, हे दाखवले.

आणि मग दिल्ली. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात एच. वाय. मोहन राम आणि त्यांचे सहकारी १९७० पासून भांगेच्या लिंगनिश्चितीवर संशोधन करीत होते. कोणत्या संप्रेरकाने नरावर मादी फुले येतात, कोणत्याने मादीवर नर फुले, हा त्यांचा विषय. १९८२ साली मोहन राम आणि आर. सेट यांनी चांदीच्या संयुगांच्या प्रभावाने जनुकीयदृष्ट्या मादी असलेल्या झाडावर सक्षम नर फुले येतात, हे प्रसिद्ध केले. मादीची गुणसूत्रे एक्स-एक्स. तिच्या परागात वाय येणार कोठून? त्यामुळे अशा परागातून होणारी संतती मादीच. मादी बियाण्याच्या आजच्या उद्योगाचे शास्त्र ते हेच. दिल्लीतील संशोधकांना गांजाच्या बाजाराशी कर्तव्य नव्हते. वनस्पतीचे लिंग ठरते कसे, हा त्यांचा प्रश्न होता. काकडीच्या मादीप्रधान वाणांचे बियाणे राखतानाही याच जातीचे उपाय वापरले जातात.

येथे ‘आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते’ अशी आरोळी ठोकण्याचा मोह आवरला पाहिजे. पोद्दाराला गुणसूत्रे ठाऊक नव्हती आणि मोहन राम पोद्दाराचे वारसदार नव्हते. दोघांमध्ये परंपरेचा धागा जोडणे म्हणजे डच कथेच्या जागी दुसरी तितकीच सोयीची कथा ठेवणे. म्हणणे एवढेच की ज्ञानाच्या इतिहासात विक्रेत्याचे नाव टिकते, अहवाल लिहिणाऱ्याचे टिकते, आणि संशोधकाचे संदर्भसूचीच्या तळाशी राहते. डोळ्यांनी पारखणाऱ्याचे मात्र जातिवाचक वा व्यवसायवाचक पदच उरते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने भारतात गांजाची व्याख्या केली ती झाडाच्या फुललेल्या वा फळलेल्या शेंड्यांची. शेंड्यांशिवायचे बी आणि पाने तीतून वगळली. परवान्याविना झाड लावणे मात्र गुन्हा, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद. ज्या देशांत घरच्या कुंडीत चार झाडे लावण्यास मुभा आहे, तेथे मादी बियाण्याचे पाकीट विकत मिळते. त्या पाकिटामुळे नर शोधण्याचे कारणच उरत नाही, आणि नौगावच्या शेतात हिवाळ्याच्या तोंडावर ज्याची वाट पाहिली जाई त्या माणसाचे कामही.