शाळेची सहल म्हैसूरला: नऊ ठिकाणं की चार?

दिवाळीची सुट्टी संपते, शाळा पुन्हा सुरू होते आणि एक दिवस वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज येतो. ‘यंदाची सहल: म्हैसूर.’ खाली ठिकाणांची यादी, त्याखाली रक्कम, आणि त्याखाली ‘संमतीपत्र दोन दिवसांत जमा करावे’. मुलं घरात उड्या मारत असतात आणि आपण विचार करत असतो की पाठवावं की नाही.

मी म्हैसूरच्या विजयनगरात राहते. नोव्हेंबर ते जानेवारी या शहरात सहलीच्या बसची रांग लागलेली असते. कर्नाटकातल्या शाळा असतातच, पण बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडच्याही असतात. राजवाड्याच्या दारात “ए, रांग मोडू नका रे!” असं मराठीत ऐकू आलं की माझी मान आपोआप वळते. म्हणून आजच्या सदरात ही सहल तुमच्याबरोबर जरा नीट बघूया. पाठवायचं की नाही हे तुम्ही ठरवाल. पण सही करण्याआधी यादी एकदा वाचा.

आधी हिशोब करूया

नेहमीची यादी अशी असते: चामुंडी टेकडी, नंदी, प्राणिसंग्रहालय, राजवाडा, जगनमोहन पॅलेस, सेंट फिलोमिना चर्च, रेल्वे म्युझियम, श्रीरंगपट्टण आणि संध्याकाळी वृंदावन गार्डन. एकूण नऊ ठिकाणं, एका दिवसात!

सकाळी 8 ते रात्री 8 म्हणजे 720 मिनिटं. जेवणाला 60 काढा. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला सरासरी 25 मिनिटं धरली, तर नऊ वेळा मिळून 225 मिनिटं बसमध्ये गेली. पन्नास मुलं उतरवणं, मोजणं, चपला काढणं, पुन्हा चढवणं, पुन्हा मोजणं याला दर ठिकाणी 20 मिनिटं तरी लागतात. म्हणजे आणखी 180. उरली 255. नऊने भागा. प्रत्येक ठिकाणी हातात जेमतेम 28 मिनिटं!

आता चारच ठिकाणं घ्या. त्याच हिशोबाने 480 मिनिटं उरतात, म्हणजे प्रत्येक जागेला पूर्ण दोन तास.

अठ्ठावीस मिनिटांत मूल काय बघणार? पुढच्याची पाठ आणि सरांची शिट्टी. घरी आल्यावर विचारलं तर बसमधली अंताक्षरी आठवते, राजवाडा आठवत नाही. त्यात मुलाचा दोष नाही. आणि घाईचा दुसरा तोटा जास्त गंभीर आहे. मुलं मागे राहतात, चुकतात ती याच धावपळीत. मोजणी घाईघाईत उरकली जाते तीही तेव्हाच.

म्हणून पालक सभेत एवढंच सुचवा: “सर, चार ठिकाणं ठेवूया का?” बहुतेक शिक्षकांनाही तेच हवं असतं. यादी लांब असली की पालक खूश होतात, असं मात्र सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं.

मग ती चार कोणती?

माझी निवड अशी आहे.

*चामुंडी टेकडी आणि नंदी.* सकाळी ऊन चढायच्या आत. टेकडीला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. लहान वर्गांना सगळ्या चढायला लावू नका. वर देवीचं दर्शन घेऊन, मोठ्या मुलांना पायऱ्यांनी नंदीपर्यंत उतरू द्या. हा नंदी सतराव्या शतकातला, एकाच दगडातून कोरलेला आहे. त्याच्या गळ्यातल्या घंटा आणि माळा मुलांना मोजायला सांगा. बघता बघता दहा मिनिटं शांततेत जातात.

*प्राणिसंग्रहालय.* 1892 मध्ये सुरू झालेलं, 157 एकरांचं. इथे चालणं भरपूर आहे, म्हणून नवे कोरे बूट नकोत. जिराफ, हत्ती तर आहेतच, शिवाय 2021 मध्ये जर्मनीहून आणलेले गोरिलाही आहेत. एक गोष्ट लक्षात ठेवा: प्राणिसंग्रहालय साधारणपणे मंगळवारी बंद असतं. सहलीची तारीख मंगळवार असेल तर आजच सरांना सांगा.

*जगनमोहन पॅलेस.* यादीतून बहुतेक वेळा हेच नाव गळतं, आणि मराठी मुलांनी आवर्जून बघावं ते इथेच आहे. इथल्या चित्रसंग्रहालयात हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं एक चित्र आहे, ‘ग्लो ऑफ होप’. बोटांमधून झिरपणारा तो उजेड बघून कित्येकांना हे राजा रविवर्मांचं चित्र वाटतं. ते आहे सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं, आणि तेही जलरंगातलं. चित्रासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी गीता. लग्नानंतर त्या कोल्हापूरच्या गीता उपळेकर झाल्या आणि 2018 मध्ये, 102 वर्षांच्या असताना गेल्या. कोल्हापूरहून निघालेली बस सहाशेहून जास्त किलोमीटर येते आणि या चित्रापासून थोड्या अंतरावरून परत फिरते, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. जाण्याआधी संग्रहालय उघडं आहे ना, एवढं फोन करून विचारून घ्यायला सांगा.

*राजवाडा.* इथे एकच प्रश्न देऊन मुलांना आत पाठवा: “या राजवाड्यात इतके लोखंडी खांब का आहेत?” उत्तराची गोष्ट छान आहे. आधीचा राजवाडा लाकडाचा होता. 1897 मध्ये राजघराण्यातल्या लग्नाच्या वेळी आग लागली आणि तो जळून गेला. मग हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने नवा राजवाडा आखला आणि 1912 मध्ये तो पूर्ण झाला. एकदा घर जळलेलं माणूस दुसरं घर कशाचं बांधेल? दगडाचं, विटांचं, लोखंडाचं. मुलांना हे लगेच कळतं. कल्याण मंडपात गेलं की मान वर करायला सांगा. छताच्या रंगीत काचांवर मोर आहेत. खाली भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं आहेत. त्यांतली एखादी निवडून हत्ती किती ते शोधू द्या. आत जाताना पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात, तेव्हा लेस बांधायचे बूट टाळलेले बरे.

सहल रविवारी असेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास राजवाडा सुमारे 1 लाख दिव्यांनी उजळतो. पाच मिनिटं आधी सगळी मुलं मैदानात एका जागी बसलेली असावीत. दिवे लागतात त्या क्षणी अख्खं मैदान “ओ!” करतं. गर्दी मात्र खूप असते, म्हणून निघताना घाई नको.

पाण्याबद्दल स्पष्ट बोला

हा भाग लिहायला नको वाटतो, पण लिहिते. 1 फेब्रुवारी 2016 ला रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतली बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

म्हैसूरच्या आसपास कावेरी आहे. श्रीरंगपट्टणचा संगम, बलमुरी, कृष्णराजसागर ही सगळी पाण्याची ठिकाणं आहेत आणि मुलांना पाणी दिसलं की पाय थांबत नाहीत. म्हणून संमतीपत्राबरोबर लेखी विचारा: पाण्यात उतरणार का? बोटिंग आहे का? प्रत्येकाला जॅकेट मिळणार का? उत्तर नीट नसेल तर “माझं मूल बोटीत बसणार नाही” असं त्याच कागदावर लिहून द्या. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आणखी पाच प्रश्न

1. किती मुलांमागे एक शिक्षक? मुली असतील तर शिक्षिका किती?
2. बसचा रात्रीचा प्रवास किती तासांचा आणि दुसरा चालक आहे का?
3. दर दोन-तीन तासांनी स्वच्छ शौचालय कुठे मिळणार? हे सहावी-सातवीच्या पुढच्या मुलींसाठी फार महत्त्वाचं आहे. पाळी येईल या भीतीने किती मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. बॅगेत पॅड, जुना कागद आणि एक जादा कपडा ठेवा, आणि “बाईंना सांगायला लाजू नकोस” हे आदल्या रात्री सांगा.
4. मोजणी कोण करणार आणि कधी?
5. ज्यांना पैसे भरणं जमत नाही, त्या मुलांचं काय? हा प्रश्न आपल्या मुलापुरता नाही, म्हणूनच विचारायला हवा. सहलीच्या दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग गप्पा मारतो आणि दोन-तीन मुलं वहीत बघत बसतात. चार पालकांनी थोडे थोडे जास्त भरले आणि नाव फक्त वर्गशिक्षकांना माहीत राहिलं, तर ती मुलंही बसमध्ये असतील. ठिकाणं कमी केली तर खर्चही थोडा खाली येतो.

खिशातली चिठ्ठी आणि चार कानडी शब्द

मुलाच्या खिशात एक कार्ड ठेवा. त्यावर मुलाचं नाव, सरांचा आणि तुमचा मोबाइल नंबर. घरचा पत्ता नको. चुकलास तर शोधत फिरू नकोस, जिथे आहेस तिथेच उभा राहा, गणवेशातल्या पोलिसाला किंवा तिकीट खिडकीवर कार्ड दाखव, हे दोनदा म्हणून घ्या. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आणि 112 हा तातडीचा, दोन्ही पाठ असू द्या.

आणि थोडं कानडी. पुरुषांना ‘अण्णा’, बायकांना ‘अक्का’. पाणी हवं तर ‘नीरु बेकु’. शौचालय कुठे, तर ‘टॉयलेट एल्लिदे?’ फोन लावा, तर ‘फोन माडि’. राजवाड्याला इथे ‘अरमने’ म्हणतात. उच्चार चुकला तरी चालतो. बाहेरगावचं लेकरू आपल्या भाषेत बोलायला धडपडतंय हे बघून इथली माणसं हातातलं काम बाजूला ठेवून मदत करतात, हे मी इथे राहून खात्रीने सांगते.

परत आल्यावर

“काय काय बघितलं?” असं विचारलं की “सगळं” एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, “कशासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहिलीस?” कुणी गोरिला म्हणेल, कुणी दिवा धरलेली बाई, कुणी राजवाड्याबाहेरचा फुगेवाला. फुगेवाला म्हटलं तरी रागावू नका. तिथे ती थांबली होती, तिने स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी बघितलं होतं. मग सांगू द्या तिला, अगदी फुग्यांच्या रंगांसकट.

तुमच्या मुलांच्या शाळेची यंदाची यादी किती ठिकाणांची आहे? मोजा, आणि आम्हाला नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!