दाखल्यांची रुजुवात

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली हाती घेण्यात आले. त्यानंतर एका तपाहून अधिक काळ, पेणच्या रामवाडीतील एसटीच्या रायगड विभागाच्या गाड्या हाकणाऱ्या चालकांपासून हमरापूरच्या गणेशमूर्ती मुंबईस धाडणाऱ्या कारागिरांपर्यंत, ज्यांचा चरितार्थच या रस्त्यावर आहे अशा सर्वांनी त्याच्या अपूर्णतेची झळ सोसली. या विलंबाची मीमांसा करताना भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यासाठी लागणारी अनुमती आणि कोकणातील पर्जन्यमान यांचा उल्लेख होतो, व त्यात तथ्यही आहे. परंतु एवढे काम पेलण्याची ऐपत कोणात आहे, हे ठरविण्याची आपली पद्धतच सदोष आहे, या मूळ प्रश्नाकडे मात्र दुर्लक्ष होते.

निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यात ठेकेदार आपली उलाढाल, कार्यानुभवाचे दाखले, यंत्रसामग्री आणि अभियंत्यांची यादी सादर करतो. त्याची निविदाक्षमता ठरविताना मागील पाच वर्षांतील सर्वोच्च वार्षिक उलाढाल आधारभूत धरून, त्यावरून काढलेल्या रकमेतून हाती असलेल्या कामांची उर्वरित किंमत वजा केली जाते. सर्व मर्म या वजाबाकीत आहे, कारण हाती असलेली कामे कमी दाखविली की क्षमता आपोआप फुगते. हा आकडा ठेकेदारानेच द्यावयाचा व सनदी लेखापालाने त्यावर सही-शिक्का करावयाचा. पण यादीतले यंत्र प्रत्यक्षात दुसऱ्याच जिल्ह्यातील कामावर राबत आहे काय, किंवा एकाच अभियंत्याचे नाव अनेक निविदांत झळकत आहे काय, हे जागेवर जाऊन पाहणे लेखापालाच्या कक्षेत येत नाही.

ही शंका निराधार नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी भारतमाला परियोजनेवरील २०२३ च्या अहवालात, निविदेच्या अटी पूर्ण न करणाऱ्यांना आणि बनावट दस्तऐवजांच्या आधारे निवडल्या गेलेल्यांना कामे मिळाल्याचे नमूद केले. अहवाल मोलाचा खरा, पण तो संसदेच्या पटलावर येईपर्यंत करारनामे झालेले असतात आणि देयकेही अदा झालेली असतात. म्हणून लेखापरीक्षेचे पहिले पाऊल कंत्राट देण्यापूर्वीच पडले पाहिजे.

केवळ कागदावर विसंबल्याने काय होते, हे महाडने पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी त्या पुलाची तपासणी होऊन तो कागदोपत्री सुरक्षित ठरला होता. पुढे तेथेच नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला, यावरून निर्धार आणि स्पष्ट उत्तरदायित्व असेल तेथे त्वरा अशक्य नसते, हेही सिद्ध झाले.

यास्तव मोठ्या परिवहनकामांच्या प्रत्येक पात्र निविदाकाराच्या हिशेबांची, चालू कामांची, यंत्रांची व मनुष्यबळाची रुजुवात, निविदा मागविणाऱ्या खात्याशी संबंध नसलेल्या तपासनिसांनी प्रत्यक्ष स्थळी करावी. प्रकल्प-अहवाल रचणाऱ्या आणि बांधकामावर देखरेख करणाऱ्या सल्लागार अभियांत्रिकी संस्थांनाही हीच कसोटी लावावी. आणि तपासणीचा निष्कर्ष कंत्राट देण्यापूर्वी जनतेस खुला करावा. यामुळे कामास विलंब होईल, असा आक्षेप येईल. परंतु प्रारंभी काही आठवडे खर्ची पडले तरी, अपात्र हातांत गेलेल्या कामामुळे वाया जाणाऱ्या वर्षांच्या तुलनेत ते क्षुल्लक आहेत. शिवाय खरी माहिती देणाऱ्या प्रामाणिक उद्योजकास आज खोट्या आकड्यांशी स्पर्धा करावी लागते. हा अन्यायही त्यायोगे दूर होईल. रस्त्यावर खर्च होणारा पैसा प्रजेचा आहे, आणि तो कोणाच्या हाती सोपविला जात आहे हे सोपविण्यापूर्वीच जाणण्याचा तिचा अधिकार शासनाने विनाविलंब मान्य केला पाहिजे.