मिनिटाला एकवीस थेंब

आमच्या नात्यातील एक मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी टाकून गावी परतल्याचे वर्तमान या आठवड्यात आमच्या वाड्यात येऊन थडकले, आणि खुद्द तिला विचारण्याची तसदी न घेता, ‘रक्त पाहून भोवळ आली असणार’ असा निकाल एकमुखाने देण्यात आला. त्या न्यायासनाचे अध्यक्ष, वाचकांनी ताडलेच असेल, आमचे शेजारी निवृत्त अव्वल कारकून हेच होते.

मी तिला विचारले. गोठ्यात गाई-शेळ्यांची वीण पाहत वाढलेल्या त्या मुलीला रक्ताचे काहीच वाटले नव्हते. आडवे आले ते पुस्तक. जीएनएमचा, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येचा, 3 वर्षांचा अभ्यासक्रम कला शाखेतून बारावी झालेल्यांनाही खुला आहे, हे योग्यच. परंतु काल-परवापर्यंत इतिहास वाचणाऱ्या मुलीला तेथे शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र ही त्रयी एकदम इंग्रजीतून भेटते, उत्तीर्ण होण्यास 50 टक्के गुण लागतात, परीक्षेस बसण्यास 80 टक्के हजेरी लागते, आणि वॉर्डातील कामाचे तास तर दाखल्यापूर्वी पुरेपूर भरून द्यावे लागतात. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा वाट अडविली होती लोकापवादाने. आता तो बराचसा मागे सरला, तर शरीरक्रियेचा ग्रंथ उंबरठ्यावर ठाण मांडून बसला आहे.

‘आजकालच्या मुलींना कष्ट नकोत,’ असे अव्वल कारकुनांनी यावर फर्मावले. तेव्हा मी त्यांना मुलीच्याच वहीतील एक हिशेब घातला: सलाइनची 500 मिलिलिटरची बाटली 8 तासांत संपवायची आहे आणि नळीतून 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तर मिनिटाला थेंब किती? तगाईचे व्याज तोंडी सांगण्याची ख्याती असलेल्या या गृहस्थांनी कागद मागितला, चष्मा मागितला, मग चहा मागितला, आणि बऱ्याच खाडाखोडीनंतर ‘एकवीसला किंचित कमी’ असे उत्तर काढून विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. हेच गणित रात्रपाळीत, शेजारच्या खाटेवरील आजोबा बेडपॅन मागत असताना आणि इन्चार्ज सिस्टर हाका मारीत असताना करावयाचे, एवढे मी नम्रपणे सुचविले.

परंतु रात्रपाळी हा शब्द कानी पडताच त्यांना आपली जुनी फिर्याद आठवली. गतवर्षी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात असताना, नुकता डोळा लागला असता एका विद्यार्थिनीने पहाटे उठवून त्यांच्या काखेत तापमापक खुपसला होता, आणि त्याविषयीचा तक्रार-अर्ज, मायना, विषय, संदर्भ आणि सात कलमांसह, अद्याप त्यांच्या दप्तरात मुक्कामाला आहे. तापाची नोंद पाळी संपण्यापूर्वी तक्त्यावर न चढल्यास बोलणी त्या पोरीला बसतात, हे ऐकून ते अंमळ विचारात पडले. अखेर उदार मनाने त्यांनी अर्जातील ‘सदरहू विद्यार्थिनी’ खोडून तेथे ‘सदरहू रुग्णालय’ घातले. मात्र तापमापक गार असल्याबद्दलचे पाचवे कलम मागे घेण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि तो अर्ज याच सदरात समग्र छापावा, असा आग्रह तेवढा धरला आहे.