जमीन विकून जंगल शिकायचं का?



आमची नात अमेरिकेत पर्यावरणशास्त्र शिकते. तिथून एका सत्रासाठी ती कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्दे या डोंगरी गावात राहायला गेली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर चर्चेला ऊत आला. "परदेशात जाऊन खेड्यातच राहायचं, तर आपलं खानापूर काय वाईट होतं?" असं एका पुतण्याने विचारलं. आक्का म्हणाली, "शेणगोठा शिकायला एवढ्या लांब कशाला गं?" सगळे हसले. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नात्यातल्याच एका घरी मुलाला अशाच अभ्यासक्रमाला पाठवण्यासाठी जांबोटीकडची जमीन विकायचं घाटतंय, आणि गिऱ्हाईक रिसॉर्टवाला आहे. म्हणून माझं मत जरा सविस्तर मांडतो.

आधी ते गाव काय आहे ते बघूया. १९५१ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातून क्वेकर पंथाची काही कुटुंबं तिथे आली. ही युद्धाला विरोध करणारी माणसं. त्यांच्यातल्या काही तरुणांनी लष्करभरतीसाठी नाव नोंदवायला नकार देऊन तुरुंगवास भोगला होता. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये आपलं सैन्यच मोडीत काढलेलं, म्हणून त्यांनी तो देश निवडला. साधारण १,४०० हेक्टर जमीन घेतली, गाई पाळल्या. रस्ता असा की दूध बाजारात पोचेपर्यंत नासायचं. मग त्यांनी चीज करायला घेतलं, कारण ते टिकतं.

मला भावली ती पुढची गोष्ट. जमीन वाटून घेताना डोंगराच्या वरच्या अंगाचं साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जंगल त्यांनी वाटणीत घेतलंच नाही, सामाईक ठेवलं. का? तर ओढ्यांचं पाणी तिथून येत होतं. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मुद्दल बाजूला ठेवलं आणि व्याजावर संसार केला. पुढे १९७२ मध्ये त्या परिसरात राखीव जंगल उभं राहिलं, तेव्हा ही जमीन आधीच जपलेली होती.

बाकीच्या देशात त्या काळात उलटंच चाललं होतं. झाडं तोडून मोकळी केलेली जमीन म्हणजे कसलेली जमीन, असा हिशोब. त्यात गोमांसाच्या निर्यातीसाठी गुरं पाळायला बँका सवलतीचं कर्ज देत. म्हणजे जंगल तोडायला आमच्या धंद्याचाही हात लागला, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. ऐंशीच्या दशकापर्यंत देशाचं जेमतेम पाव अंग जंगलाखाली उरलं होतं. १९९६ मध्ये नवा वनकायदा आला. जंगल काढून दुसरा वापर करायला बंदी, आणि जंगल राखणाऱ्या मालकाला हेक्टरी मोबदला. त्याचा बराचसा पैसा इंधनावरच्या करातून येतो. पाणी राखणं, हवेतला कार्बन धरून ठेवणं, जीवजाती सांभाळणं आणि निसर्गसौंदर्य, या चारही सेवांची कायद्यात नोंद आहे. गोमांसाचे भाव पडले, पर्यटन वाढलं, त्याचाही हातभार लागला. आज निम्म्याहून जास्त देश पुन्हा झाडाखाली आहे.

नात एका गवळ्याच्या घरी राहिली. सकाळी जंगलात जाऊन फांद्यांवर वाढणारी शेवाळं आणि ऑर्किड मोजायची. तिथले ढग थेट झाडांत शिरतात आणि ही शेवाळं त्यातलं पाणी धरून ठेवतात. संध्याकाळी घरच्या बाईंबरोबर मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये स्वयंपाक. शेवटी आपला अहवाल गावकऱ्यांसमोर त्यांच्याच भाषेत वाचायचा. तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिला विचारलं, "हे मोजणं पुढच्या वर्षी कोण करणार?" पुढच्या तुकडीची मुलं त्याच झाडांवर करणार आहेत, असं तिने सांगितलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. माझ्या मते सबंध सत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता.

ते गाव म्हणजे नंदनवन आहे असं मात्र समजू नका. तिथला प्रसिद्ध सोनेरी बेडूक १९८९ नंतर कुणाला दिसलेला नाही. पर्यटनाने पैसा आला, तसा पाण्यावर ताण आला आणि जमिनीचे भाव चढले. २०२० मध्ये कोरोनाने प्रवासी थांबले तेव्हा गावाची मिळकतच आटली. विमानाने जाऊन शाश्वत विकास शिकण्यात विसंगती आहे, हेही खरंच. पण पोरांना हे सगळं तिथे उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं, पुस्तकात ते कोरडं राहतं.

तेव्हा माझं मत असं, की मुलांना जरूर पाठवा, पण तीन गोष्टी तपासून. एक, मूल गावातल्या घरात राहणार आहे की कुंपणाच्या आतल्या वसतिगृहात? दोन, शिकवणाऱ्यांत तिथली माणसं आहेत का, आणि भरलेल्या फीतला काही वाटा गावात राहतो का? तीन, मुलांचं काम गावाला परत मिळतं का? तिन्ही उत्तरं 'नाही' असतील तर ती सहल आहे. सहलीसाठी कर्ज काढू नये.

आणि चौथी गोष्ट आपल्या घरची. शैक्षणिक कर्ज मिळतं, शिष्यवृत्त्या असतात, एखादं वर्ष थांबताही येतं. पण जांबोटीकडची जमीन रिसॉर्टला देऊन मुलाला जंगल राखायला शिकायला पाठवायचं, हा ताळेबंद मला जुळत नाही. तो शिकून परत येईल तेव्हा राखायला काय उरलेलं असेल? त्याच पट्ट्यात वर कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. मोंतेवेर्देच्या लोकांनी वरचं जंगल ज्या कारणासाठी सोडलं, ते कारण आपल्याकडेही तसंच्या तसं आहे.

त्या घरच्या थोरल्यांना मी हे तोंडावर सांगितलंय. राग आलाय, येऊ दे. मुलाला मात्र म्हटलंय, "आधी एक पावसाळा तिथे राहून बघ. कुठला झरा कधी आटतो, ते वहीत लिही." अर्जाला जोडायला याहून चांगला कागद कुठला?

तुमच्यापैकी कुणाच्या गावाकडे अशी सामाईक किंवा पडीक म्हणून राहिलेली झाडीची जमीन आहे का? तिचं काय चाललंय? खाली जरूर लिहा.